शर्टाखालचे हात

तुरीच्या शेंगा वाळायला लागल्या की माझं चित्त थाऱ्यावर राहत नाही. लोकांना या दिवसांत मिठाच्या पाण्यात उकडलेल्या शेंगा आठवतात, सकाळचं कोवळं ऊन आठवतं. मला मात्र वाटत राहतं की आता कुणीतरी मागून हाक मारणार आणि म्हणणार, साडी नेस, पाहुणे आलेत. चाळिशीला टेकले आहे. नांदेडात नोकरी आहे, घर आहे, ज्युनिअर कॉलेजात पोरांना मराठी शिकवते आणि वर्गात माझा वचकही बरा आहे. तरी मार्गशीर्ष संपत आला, रस्त्याकडेची तूर तपकिरी दिसायला लागली, की तळहाताला घाम सुटतो. याला औषध नाही.

यंदा तर दोन गोष्टी एकदम आल्या. अप्पा, म्हणजे माझे वडील, मोतीबिंदू काढायला उदगीरहून माझ्याकडे राहायला आले. आणि ज्या सिनेमानं माझा एक अख्खा मार्गशीर्ष ढवळून काढला होता, तो सिनेमा धुऊनपुसून नव्या प्रतीत इथल्या एका छोट्या हॉलमध्ये दाखवणार असल्याचा निरोप फोनवर आला. रविवारी दुपारी, प्रवेश मोफत. मी निरोप वाचला आणि फोन पालथा घातला.

"काय झालं गं?" अप्पांनी विचारलं. काळा चष्मा लावून ते गॅलरीतल्या खुर्चीत बसले होते.

"काही नाही. एक पिक्चर आहे."

"मंग जाऊ की. नव्या डोळ्यानं कायतरी चांगलं दाखव. कवाचा तुमची भिंतच बघून राहिलो."

आता त्यांना काय सांगावं? त्या मार्गशीर्षाबद्दल आम्ही दोघं नंतर एकदाही बोललेलो नाही. त्या वेळी मी जे केलं त्याचा त्यांना राग आला, लाज वाटली, की ते सगळं विसरूनच गेले, हे मला आजतागायत माहीत नाही. ते विषय काढत नाहीत. माझी तर छातीच होत नाही. फोनवर आम्ही बोलतो ते बीपीच्या गोळीबद्दल आणि पाण्याच्या मोटारीबद्दल.

सिनेमा पूर्वेकडच्या एका देशातला, बराच जुना. मी पाहिला तो लातूरला, एम.ए.च्या शेवटच्या वर्षाला असताना. लातूर म्हणजे सगळं गाव डॉक्टर व्हायला निघालेलं. गल्लोगल्ली क्लास, क्लासबाहेर सायकलींचे ढीग, खोल्याखोल्यांतून मेसचे डबे. त्या धबडग्यात आमच्या एका सरांना सिनेमाचं वेड. शुक्रवारी दुपारी कॉलेजातल्या एका वर्गाच्या खिडक्यांना ते ताडपत्री बांधायचे, भिंतीवर चादर ताणायचे आणि असले लांबलांबचे सिनेमे आम्हा मोजक्या पोरापोरींना दाखवायचे. संपल्यावर लगेच बोलायचं नाही, हा त्यांचा नियम होता. बाहेरच्या टपरीवर चहा हातात येईपर्यंत कुणी तोंड उघडलं तर सर असे डोळे वटारायचे की पुढचा आठवडाभर ते पोरगं समोर यायचं नाही.

गोष्ट म्हणाल तर चिमूटभर. समुद्राकाठचं गाव. एक विधवा बाई कपडे धुऊन इस्त्री करून देण्याचं दुकान चालवते. वरच्या खोलीत एक शाळामास्तर भाड्यानं राहायला येतो. तो आठवड्याला एक शर्ट आणून देतो आणि दर वेळी त्याचं एक बटण तुटलेलं असतं. ती बटण लावून देते. काही दिवसांनी आपल्याला दिसतं की मास्तर वर खोलीत बसून दातांनी बटण तोडतो आहे. आणखी काही वेळानं दिसतं की हे तिलाही कळलं आहे, कारण ती दोरा कच्चा ठेवायला लागली आहे. बस्स. मिठी नाही, गाणं नाही, झाडामागं पळापळी नाही. कुणी कुणाला काही म्हणत नाही.

आवाज तेवढे आहेत. इस्त्रीखाली ओल्या कापडाचा चुर्र आवाज, लाकडी जिन्यावरची पावलं, लांबून बोटीचा भोंगा. बाई जिन्याकडे पाठ करून काम करते. पावलं वाजली की तिची मान किंचित ताठ होते. आपण तिचं तोंड बघत नाही, मान बघतो. दुसरा कुणी दिग्दर्शक असता तर त्यानं तिचे डोळे दाखवले असते, डोळ्यांत पाणी दाखवलं असतं, मागून बासरी वाजवली असती. या माणसानं मान दाखवली आणि त्या मानेनं माझा जीव टांगणीला लावला. पावलं खाली येतील, की वळून वर जातील? मी बाकाच्या कडेला येऊन बसले होते.

आणि मग तो प्रसंग, ज्यासाठी मी हा सिनेमा उराशी धरून आहे. दुकानात गिऱ्हाइकांची गर्दी आहे. ती घडी घातलेला शर्ट पुढे करते, मास्तर दोन्ही हातांनी घेतो. शर्ट वर आणि दोघांचे हात खाली. कॅमेरा तिथंच थांबतो. शेजारी बायका भांडतायत, एक मूल रडतंय, आणि आपल्याला फक्त पांढऱ्या कापडाची घडी दिसते. ती एकदा जराशी हलते. खाली कुणी कुणाची बोटं धरली की नुसता धक्का लागला, ते दाखवतच नाहीत. त्या अंधाऱ्या वर्गात कुणीतरी जोरात श्वास घेतला. तो माझाच होता.

चहा हातात आल्यावर एकजण म्हणाला, "संथ आहे. काही घडतच नाही." माझा असा तीळपापड झाला, काय सांगू! संथ? मला तर पापणी लववायला फुरसत नव्हती. पण मी भांडले नाही, कारण भांडायचं तर आमच्या घरचं सगळं सांगावं लागलं असतं. कापडाखालच्या हातांत काय चालतं ते मी बोलायला लागले तेव्हापासून बघत आले होते.

अप्पा बैलबाजारातले दलाल. आमच्याकडचा देवणी आणि कंधारकडचा लाल कंधारी, दोन्ही जातींच्या बैलांत त्यांचं आयुष्य गेलं. बाजारात बैलाचा भाव तोंडानं बोलत नाहीत. दलाल हातावर उपरणं टाकतो, त्याखाली समोरच्याची बोटं धरतो, आणि कोणतं बोट धरलं, किती धरली, यावरून आकडा कळतो. पटलं नाही तर हात काढून घ्यायचा. पटलं तर समोरच्याचा अख्खा हात घट्ट धरायचा, म्हणजे सौदा पक्का. भोवती माणसांचं कोंडाळं असतं आणि कुणाला पत्ता लागत नाही. दोघंही चेहऱ्यावरची सुरकुती हलू देत नाहीत. उपरणं तेवढं जरासं हलतं. लहानपणी अप्पा मला मांडीवर घेऊन हाच खेळ खेळायचे. उपरणं टाकायचे, माझं बोट धरायचे आणि म्हणायचे, "बोल, किती?" मी शाळेत जायच्या आधी आकडे शिकले ते असे.

तेव्हा त्या शर्टाखाली काय झालं ते अख्ख्या लातुरात फक्त मला कळलंय, अशी माझी घमेंड होती. त्या घमेंडीतच मी संध्याकाळी उदगीरची बस धरली. रविवारी मला बघायला पाहुणे येणार होते.

मुलगी बघणं म्हणजे बैल बघणंच, असं लिहायचा मोह होतो. पुष्कळ बायकांनी लिहिलंही असेल. पण ते खरं नाही. बैलाला अप्पा जास्त वेळ बघायचे.

पाहुणे औशाचे. खत-बियाण्यांचं दुकान, पेठेत स्वतःचं घर, मुलगा बी.कॉम. झालेला, सुपारीचंही व्यसन नाही. नाव ठेवायला जागा नव्हती, हीच पंचाईत होती. अव्वानं, म्हणजे माझ्या आईनं, चुरमुरे भिजवून, फोडणी देऊन सुशीला केला होता, वर शेव आणि लिंबाची फोड. मुलाच्या आईनं दोनदा घेतला आणि माझ्या केसांची लांबी बघितली. मुलानं एकच प्रश्न विचारला, "स्कूटी येती का?" मी हो म्हटलं. तो पुन्हा मोबाईल बघायला लागला.

तो माणूस वाईट नव्हता, हे मी आजही सांगते. पण तो माझ्याकडे बघत नव्हता. आणि हे मला कळलं कसं? तर दोनच दिवसांपूर्वी मी एका मास्तरला एका बाईकडे बघताना पाहिलं होतं. त्याच्या आधी हे स्थळ आलं असतं तर मी मान खाली घालून हो म्हटलं असतं आणि सुखानं संसारही केला असता, कोण जाणे. सिनेमानं ही एक भानगड करून ठेवली. माणूस माणसाकडे कसं बघतो ते दाखवलं, आणि लगेच मला त्या बैठकीत सतरंजीवर आणून बसवलं.

मुलाचे वडील घाईत होते. पौष लागायला आठवडाही उरला नव्हता आणि पौषात आमच्याकडे कुणी शुभकार्य काढत नाही. "आमच्याकडून होकार हाय," ते म्हणाले. "पौषाच्या आत साखरपुडा उरकू. तुमचं काय ते आत्ताच सांगा अप्पा, दुसरं स्थळबी थांबलंय."

सगळे अप्पांकडे बघायला लागले. पोरीला उठवून आत नेऊन विचारावं तर पाहुण्यांना तो अपमान वाटणार. सगळ्यांसमोर विचारावं तर पोरगी काय बोलणार? आणि पोरीला विचारायचंच कशाला, असं त्या खोलीतल्या निम्म्या लोकांचं मत होतं. अप्पांनी क्षणभर कपाळावरच्या विभूतीला बोट लावलं.

"गिरजे, ये. बस हितं."

मी शेजारी जाऊन बसले. त्यांनी खांद्यावरचं उपरणं सहज काढल्यासारखं काढलं आणि आमच्या दोघांच्या हातांवर टाकलं. पाहुण्यांना काही कळलं नाही. मला कळलं. कापडाखाली त्यांचा हात उघडा होता, माझ्या हाताला लागून. घट्ट धरायचा की काढून घ्यायचा, एवढंच. कुठला बाप पोरीला असं विचारतो? त्या एका गोष्टीसाठी मी त्यांच्या पायाचं पाणी पिईन.

मला हात काढून घ्यायचा होता. पण मुलाची आई माझ्याकडे टक लावून बघत होती, अव्वा दारात पदर तोंडाशी धरून उभी होती, माझे कान तापले होते, आणि खाली तो ओळखीचा खरबरीत हात होता. रस्ता ओलांडताना लेकरू धरतं तसा मी तो धरला. भिऊन धरला, घट्ट धरला, सोडवेना. डोक्यात शुक्रवारचा सिनेमा होता. हातातून सगळं कळतं अशी माझी ताजी ताजी खात्री होती. वाटलं, अप्पा आहेत, ते ओळखतील.

अप्पांनी माझा हात एकदा दाबला आणि सोडला. उपरणं झटकून खांद्यावर टाकलं.

"जमलं," ते म्हणाले. "साखर आणा."

पुढचे दिवस मला सलग आठवत नाहीत. अंगणात तूर बडवत होते, त्याचा धप् धप् आवाज सकाळपासून. नाकातोंडात जाणारी ती बारीक धूळ. साखरपुड्यासाठी आणलेल्या जांभळ्या साडीचा कडक वास. शेजारच्या काकू येऊन गालावरून हात फिरवून गेल्या, "नशीब काढलीस बग." अव्वानं साखरपुड्यासाठी शेंगापोळ्या करायला घेतल्या, म्हणजे भाजलेल्या शेंगदाण्याचा कूट आणि गुळाच्या, आमच्याकडे त्यांच्याशिवाय कार्य होत नाही. घरभर भाजक्या शेंगदाण्याचा वास. मला तो अजून सहन होत नाही. लोक म्हणतात, अय्या, तुमच्याकडची असून शेंगापोळी नको? मी म्हणते, पित्त होतं.

अप्पा खुशीत होते. एरवी गुणगुणणारा माणूस नाही तो, पण गोठ्यात वैरण टाकताना गुणगुणायचे. मी जवळ जाऊन उभी राहायची.

"अप्पा."

"काय गं?"

"चहा आणू?"

त्या आठवड्यात मी अप्पांना इतका चहा पाजला की शेवटी ते म्हणाले, "तुला सासरी चहाचं हॉटेल टाकून द्यावं म्हणतो." सगळे हसले. मीही हसले, आणि न्हाणीघरात जाऊन भरलेला हंडा उगाच पालथा केला.

अव्वाला मात्र मी सांगितलं. पोळ्या लाटत होती. लाटणं थांबलं.

"मंग हात कामून धरलीस?"

"भिऊन."

"भिऊन." तिनं पोळी उलटली. "आता काय करतीस? शब्द गेला. तुझ्या अप्पानं हात दिलेला सौदा आजवर मोडला न्हाई. बाजारात त्या हाताला लोक मानतेत, त्येच्यावर तर हे घर उभं हाय."

"तू सांग ना त्यांना."

"मी न्हाई. हात तुझा हुता. तूच सांग." आणि मग, तव्याकडे बघतच, हळू आवाजात, "पर लवकर सांग."

त्या दिवसांत मी तो सिनेमा मनातल्या मनात शंभरदा लावला आणि त्याचा मनस्वी राग केला. काय ते न बोलणं! बटणं तोडतायत, दोरे कच्चे ठेवतायत. अरे, तोंड दिलंय ना देवानं? पण वर्गात बसून बघताना त्यांचं ते गप्प असणंच तर मला जीव की प्राण वाटलं होतं, मग आता काय बिनसलं? तूर बडवण्याचा आवाज ऐकत पडल्या पडल्या मला हळूहळू उमजायला लागलं. सिनेमात ती दोघं बोलत नाहीत तरी आपल्याला सगळं कळतं, कारण दिग्दर्शक आपल्या शेजारी बसलेला असतो. तो मान दाखवतो. दोरा दाखवतो. दाताखालचं बटण दाखवतो. आमच्या बैठकीत असं दाखवणारं कुणी नव्हतं. माझे तापलेले कान अप्पांना दिसले नाहीत. त्यांच्या हाती फक्त एक हात आला, आणि त्यांनी तो त्यांच्या धंद्याच्या रीतीप्रमाणे वाचला. चूक त्यांची नव्हती. त्या सिनेमाचीही नव्हती. एवढं समजलं म्हणून जीभ सुटली असं मात्र झालं नाही.

साखरपुड्याच्या आदल्या दिवशी बाजार होता. अप्पा उजाडताच गेले. अव्वा डबे भरायला लागली, औशाच्या लोकांसाठी वेगळे, भावकीसाठी वेगळे. मी ते डबे बघितले, चपला घातल्या आणि निघाले. कुठं चाललीस, असं तिनं विचारलं नाही.

बैलबाजारात बायका जात नाहीत. जाऊ नये असं कुठं लिहिलेलं नाही, पण जात नाहीत. धुरळा, शेणाचा आणि बिडीचा वास, घुंगुरमाळांचा आवाज, नुकत्या रंगवलेल्या शिंगांवर ऊन. मी चालले तशी माणसं बाजूला होत गेली, आणि माझ्या पुढची बोलणी थांबत गेली. लिंबाखाली अप्पा उभे होते. एका अंगाला देगलूरकडचं गिऱ्हाईक, मध्ये उपरणं, भोवती कोंडाळं. शेजारी लाल कंधारीची एक देखणी जोडी रवंथ करत होती. उपरणं हलत होतं, म्हणजे सौदा रंगात आला होता.

अप्पांनी मला पाहिलं. चेहरा बदलला नाही. तो बाजारात कधीच बदलत नसे.

"तू हितं कामून?"

मी घरून निघाल्यापासून वाक्यं जुळवत आले होते. कशी सुरुवात करायची, परीक्षेचं कारण द्यायचं, तब्येतीचं द्यायचं. सगळी पळून गेली.

"अप्पा, मला औशाला लग्न करायचं न्हाई. त्या दिवशी मी भिऊन हात धरला हुता."

कुणीतरी बिडी विझवली. देगलूरचा माणूस एकदा माझ्याकडे, एकदा अप्पांकडे बघायला लागला. कोंडाळ्यातला एकजण हसला आणि गप्प झाला. उपरणं हलायचं थांबलं होतं. मी अप्पांच्या तोंडाकडे बघत होते, काहीतरी दिसेल म्हणून, राग तरी दिसेल म्हणून. काही दिसत नव्हतं.

मग अप्पांनी उपरण्याखालून हात काढून घेतला.

"अवो, झालंच हुतं की," देगलूरचा माणूस म्हणाला.

"आज न्हाई जमायचं," अप्पा म्हणाले. त्यांनी उपरण्याची घडी घातली. मग माझ्याकडे वळले. "घरी जा. अव्वाला म्हणावं, डबे नको भरू."

ते तिथूनच एसटी धरून औशाला गेले. दुसऱ्या दिवशी दुपारी आले. तिथं काय झालं ते त्यांनी आम्हाला सांगितलं नाही. बरोबर गेलेल्या एका नातेवाइकाकडून पुढे कळलं की त्यांनी माझं नावच घेतलं नाही. "चूक माझ्या हाताची हाय, पोरीची न्हाई," एवढंच म्हणाले आणि हात जोडून उभे राहिले. मुलाचे वडील म्हणाले, "दलालाचा हात चुकतो व्हय?" हे वाक्य अप्पांच्या आधी उदगीरला पोचलं.

बाजारानं ते वाक्य चघळलं. त्या हंगामात अप्पांच्या उपरण्याखाली फार हात आले नाहीत. ते लिंबाखाली बसायचे आणि ऊन कलायच्या आत घरी यायचे. आम्ही शेंगापोळ्या खात होतो, सकाळ-संध्याकाळ, संपेपर्यंत. पौष लागला तेव्हा अप्पा म्हणाले, "परीक्षा हाय ना तुझी? जा मंग लातूरला." बसस्टँडवर सोडायला आले, खिडकीतून शेंगांची पिशवी दिली आणि बस हलायच्या आतच वळून चालायला लागले. त्यांची पाठ बघून मला काही ओळखता आलं नाही. माझ्या शेजारी काही दिग्दर्शक बसलेला नव्हता.

पुढं सगळं रीतसर झालं. एम.ए. झालं, नोकरी लागली, लग्नही झालं. नवरा कंधारचा, मी निवडलेला, असले सिनेमे लावले की त्याला पाचव्या मिनिटाला झोप लागते. लग्नात अप्पांनी अक्षता टाकल्या, जेवले, पंगतीत आग्रह केला. बाजारात दोन-तीन वर्षांनी त्यांचं बस्तानही पुन्हा बसलं. पण माझ्या मनात तो लिंब तसाच उभा राहिला. त्या माणसानं जन्मभर राखलेला शब्द मी चारचौघांत त्याच्या तोंडावर मोडला, आणि त्याला काय वाटलं ते मला कळलं नाही. दर वर्षी तूर वाळते आणि दर वर्षी मी तिथंच जाऊन उभी राहते.

रविवारी निघेपर्यंत माझी चलबिचल चालू होती. डोळ्याला त्रास होईल, बसायला अवघडेल, असं दोनदा म्हणून पाहिलं. अप्पा धुतलेलं उपरणं खांद्यावर टाकून दारात तयार. "चल की," म्हणाले.

हॉलमध्ये खुर्च्या बऱ्यापैकी भरल्या होत्या. मी त्यांना थोडक्यात सांगून ठेवलं, की अप्पा, हा आपल्या पद्धतीचा पिक्चर नाही, यात फार बोलत नाहीत. "बरं हाय," अप्पा म्हणाले, "तसंबी मला ऐकू कमीच येतं."

नवी प्रत बघून मी चाटच पडले. लातूरच्या चादरीवर जे कधी दिसलंच नव्हतं ते दिसायला लागलं. पांढऱ्या शर्टाची बटणं ती निळ्या दोऱ्यानं लावते. निळ्या! म्हणजे गावात कुणाच्याही नजरेला पडेल असं, आणि तरी कुणाच्या पडत नाही. इस्त्रीच्या वाफेत तिच्या मानेवरची एक सुटी बट चिकटलेली दिसली. मास्तर जिन्यात थांबतो तेव्हा त्याच्या हाताशी भिंतीचा पोपडा असतो आणि तो नखानं खरवडत असतो. बाई गं, एवढं सगळं होतं यात? जुना सिनेमा चांगला असला की तो आपल्या वयाबरोबर वाढतो असं म्हणतात. हा वाढला नव्हता. तो होता तेवढाच होता, मलाच त्या वेळी निम्मा दिसला होता.

शर्टाचा प्रसंग आला. माझी मान ताठ झाली. शेजारी अप्पा पुढे वाकले. पडद्यावर ती पांढरी घडी, बायकांचं भांडण, रडणारं मूल. घडी हलली. अप्पांना ते कळणार हे मला माहीत होतं, आणि त्याच्या मागोमाग आमची बैठक आठवणार हेही. मी खुर्चीचा दांडा धरून बसले. त्यांनी नुसता एक हुंकार दिला. मी त्यांच्याकडे बघितलं नाही.

आणि मग शेवट. मास्तरची बदली झालेली असते. सकाळची वेळ, दुकान उघडायचं आहे. तो ट्रंक घेऊन दुकानाच्या काचेच्या दाराबाहेर येऊन उभा राहतो. ती आत इस्त्री धरून उभी. मध्ये काच, काचेवर वाफ. तो काही विचारत नाही. ती काही सांगत नाही. कॅमेरा तिच्या चेहऱ्यावर येऊन थांबतो, अख्ख्या सिनेमात पहिल्यांदाच, आणि हलतच नाही. तिचे ओठ जरासे उघडतात. बोटीचा भोंगा होतो. तिच्या हातातली इस्त्री कापडावर तशीच टेकलेली, आणि तिथून धुराची बारीक रेघ निघायला लागते.

कमी ऐकू येणाऱ्या माणसाला आपला आवाज किती मोठा आहे ते कळत नाही. अप्पांनी चष्मा सारखा केला, समोरची खुर्ची धरली आणि पडद्यावरच्या त्या बाईला सगळ्या हॉलला ऐकू जाईल असं म्हणाले, "बोल की माय. भिऊ नको. आमची गिरजा बोलली हुती, भर बाजारात."

पुढच्या रांगेतून कुणीतरी शुक् केलं.

"शुक् काय करून राहिलाव," अप्पा म्हणाले. "खरं हाय ते."